ज्यानं जोडला त्यानं तपासायचा नाही

रविवारी दुपारी वर्कशॉपचं शटर वर गेलं की गल्लीतल्या लोकांना कळायचं, तराजूवाल्यांच्या घरातलं कुणीतरी मोठं झालं. एरवी रविवारी तिथं एक स्क्रूसुद्धा फिरत नसे. तो आबांचा दंडक होता, आणि आबांचा दंडक मोडायची हिंमत घरात फक्त आबांनाच होती.

आज पाळी छटाकची होती. ती दोन महिने आधीच जन्माला आली तेव्हा दवाखान्यातल्या काट्यावर आबांचा विश्वास बसेना. स्वतःचा काटा काखोटीला मारून ते तिथं गेले, नात तोलली आणि म्हणाले, "छटाकभर तर आहे!" सतरा वर्षांत ती आबांपेक्षा बोटभर उंच झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलं. पुढच्या रविवारी तिचं दृढीकरण होतं. चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर उभं राहून, येशूवर आपला विश्वास आहे हे ती स्वतःच्या तोंडानं सांगणार होती. बाप्तिस्मा तान्हेपणी आईबापांनी दिला होता. हे मात्र तिचं तिनं करायचं. आणि त्याआधी, या घराच्या रीतीप्रमाणे, तिला स्टुलासमोर बसायचं होतं.

ही रीत पणजोबांची. वर्कशॉपचा पहिला नियम त्यांनीच घातला होता: ज्यानं काटा जोडला त्यानं तो तपासायचा नाही. आपल्या हातानं जोडलेल्या काट्याला आपलेच डोळे माफ करतात, असं ते म्हणत. आबा सतरा वर्षांचे झाले तेव्हा पणजोबांनी हाच नियम उचलून घरात आणला. "तुला प्रार्थना मी शिकवली, म्हणून तुला तपासणार दुसरा." मग आबांच्या मामाला उंच स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, बाहेरचं जग याला जे जे विचारील ते सगळं आजच विचार, हातचं राखू नकोस. मामानं दोन तास आबांना घाम फोडला. शेवटी त्यानं, तपासलेला काटा कुणी उघडू नये म्हणून त्यावर दाबतात तशी शिशाची छोटी मोहोर दाबली आणि ती भिंतीवरच्या फळीला तारेनं लटकवली. त्या फळीवर आता अकरा मोहोरा होत्या. मोहोर नसेल तर त्या वर्षी चर्चमध्ये उभं राहायचं नाही, पुढच्या वर्षी पुन्हा स्टुलासमोर यायचं. आजवर तशी वेळ कुणावर आली नव्हती.

तशी वेळ येऊ नये याची तजवीज आत्यानं चोख केली होती. आत्या शाळेत शिकवायची आणि जगातल्या प्रत्येक अडचणीवर तिच्याकडे एक वही असायची. छटाकसाठी तिनं दहा आक्षेप आणि त्यांची दहा उत्तरं लिहून काढली होती, लाल शाईत मुद्द्यांना आकडे घालून. छटाकनं ती पाठ केली होती. आता राहता राहिला तपासनीस.

"काकाला यादी दिलीस ना गं वहिनी?" जिन्यातच तिनं छटाकच्या आईला गाठलं.

"दिली. पण ताई, हे बरं दिसतं का? प्रश्न आपणच पुरवायचे?"

"अगं, तो बिचारा गेल्या वर्षापासून धड बोलतसुद्धा नाही. आयत्या वेळी त्याला प्रश्न तरी सुचतील का? मदत समज."

आईनं हातातला चहाचा ट्रे सावरला. मुलीचे वडील पाणीखात्यात दिवसपाळीला अडकले होते, त्यामुळं आज आईच्या बाजूनं बोलायलाही कुणी नव्हतं. छटाकला आबांनी शिकवलं होतं, आत्यानं शिकवलं होतं, आईबापांनी शिकवलं होतं. तिला काही न शिकवलेला असा घरात एक काकाच उरला होता. आणि चौदा महिन्यांपूर्वी काकू गेल्यापासून काका कामाशिवाय कशालाच तोंड उघडत नव्हता. रविवारी सकाळी सगळे चर्चला निघाले की त्याला नेमकं कुठल्यातरी गिऱ्हाइकाकडं बाहेरचं काम निघायचं. दुःख आहे, निवळेल हळूहळू, असं सगळे म्हणत होते. घरातल्या एवढ्या हुशार माणसांची चूक झाली ती इथं.

काकानं यादी खिशात घातली होती, वाचली नव्हती. स्टुलावर बसताना त्याच्या मनात एवढंच होतं की हे लवकर उरकावं. दोन-चार प्रश्न विचारायचे, मोहोर दाबायची, मोकळं व्हायचं. पोरीचं वर्ष आपल्यापायी का बुडावं? समोर कामाच्या लांब बाकापलीकडे छटाक ताठ बसली होती, हात मांडीवर, परीक्षेला बसल्यासारखी. बाकाच्या एका टोकाला सोनाराचा काचपेटीतला नाजूक काटा होता, तर दुसऱ्या टोकाला किराणा दुकानाचा, पारडी काढून ठेवलेला. मध्ये चहाचे कप. आबा आपल्या जुन्या खुर्चीत हनुवटीखाली काठी धरून बसले होते.

"चालू दे," आबा म्हणाले. "आणि हातचं राखायचं नाही."

काकानं यादीतला पहिला प्रश्न वाचला. "येशूची हकीकत चार जणांनी लिहिली. चौघांत तपशिलाचा मेळ नाही. मग विश्वास कुणावर ठेवायचा?"

वहीतलं उत्तर पाच मुद्द्यांचं होतं. छटाकनं पहिला मुद्दा घडाघडा म्हटला, दुसऱ्याला अडखळली आणि थांबली. आत्याचे ओठ नुसतेच हलले. मग छटाकनं बाकावरच्या काट्याकडे पाहिलं.

"काका, तुम्ही चार कारागिरांना एकच पोतं वेगवेगळं तोलायला दिलंत आणि चौघांच्या चिठ्ठीवर ग्रॅमपर्यंत तोच आकडा आला, तर तुम्ही काय म्हणाल?"

"म्हणेन, एकानं तोललं, तिघांनी चिठ्ठी बघून लिहिलं."

"मग? चौघांत थोडा फरक आहे, कारण चौघांनी आपापल्या जागेवरून सांगितलंय. पण पोतं एकच आहे. येशू मेला, पुरला गेला आणि थडगं रिकामं सापडलं, यात चौघांचा फरक नाही."

आबांनी काठी जमिनीवर हलकेच आपटली. आत्याच्या कपाळाला आठी पडली, कारण हे वहीत नव्हतं.

काका जरा सावरून बसला. गेल्या वर्षभरात त्याला कुणी नवं काही सांगितलं नव्हतं, नुसती समजूत घातली होती. त्यानं यादीची घडी केली आणि खिशात ठेवली.

"मेलेलं माणूस उठत नाही, छटाक. हे आता शाळेतल्या पोरालाही कळतं."

"थडग्यापाशी पहिल्यांदा गेलेल्या बायकांनाही कळत होतं. म्हणून तर त्या प्रेताला लावायला सुगंधी द्रव्यं घेऊन गेल्या होत्या, भेटायला नव्हत्या गेल्या. मेलेली माणसं रोज उठत असती तर कुणी लिहूनही ठेवलं नसतं. आणि थाप मारायचीच होती तर पहिले साक्षीदार म्हणून बायका कशाला घातल्या असत्या? त्या काळी बाईची साक्ष कुणी जमेस धरत नव्हतं."

"अजूनही या घरात कोण धरतंय!" आई पटकन बोलून गेली आणि सगळे हसले. काकासुद्धा. तो हसलेला पाहून आईला एकदम भरून आलं. तिनं घाईघाईनं कप गोळा करायला घेतले.

"खोट्यासाठीही माणसं जीव देतात," काका म्हणाला.

"दुसऱ्यानं सांगितलेल्या खोट्यासाठी देतात. आपणच रचलेल्या थापेसाठी कोण देतं? येशूचे शिष्य तर आधी पळून गेलेले भित्रे लोक होते. मग परत आले आणि मार खात राहिले. मध्ये काहीतरी घडलंच ना?"

"ठीक. धर्माच्या नावावर माणसं जाळली, गुलाम केली. क्रूस गळ्यात घालून केली."

"केली," छटाक म्हणाली. "त्याच्यावर मी पांघरूण घालणार नाही. पण खोटं वजन वापरणारा दुकानदार आपण पकडतो कसा? खऱ्या वजनाशी लावून. त्या लोकांना खोटं ठरवायला मला दुसरीकडून माप आणावं लागत नाही. शत्रूवरही प्रेम करा, असं येशूच सांगून गेलाय. त्या मापाला ते उतरले नाहीत."

"समोरच्या घरात जन्मली असतीस तर त्यांच्या धर्माचं खरं मानलं असतंस."

"मानलं असतं, बहुतेक." तिनं थोडा विचार केला. "पण किलो म्हणजे किती, हेही मला या घरातच कळलं. म्हणून किलो खोटा होत नाही. आणि नुसतं आपल्या घरानं सांगितलं म्हणून खराही होत नाही. म्हणून तर तुम्ही त्या स्टुलावर आहात ना?"

"छटाक कसली, शेरास सव्वाशेर आहे!" आबांना राहवलं नाही. तपासणीत तिसऱ्यानं बोलायचं नसतं हा त्यांचाच नियम. पण अभिमानानं त्यांची छाती अशी फुगली होती की शर्टाची बटणं तुटतील की काय असं वाटावं. आपल्या बापाचा हात त्यांना आठवला, तेलाचे डाग पडलेला, आपल्या खांद्यावर ठेवलेला. तो आज इथं असायला हवा होता, असं त्यांच्या मनात आलं.

एव्हाना काका स्टुलावरून पुढं झुकला होता. लवकर उरकायचं हे तो विसरला होता. पोरगी खरी उत्तरं देत होती. मग तिला खरा प्रश्नही द्यायला हवा, नाहीतर तो तिचा अपमान झाला असता.

"तुझी काकू नऊ महिने अंथरुणावर होती," तो म्हणाला.

आईच्या हातातले कप हातातच राहिले.

"मी रोज तिचं वजन करायचो. आपल्याच काट्यावर. अडतीस. पस्तीस. एकतीस. मला वाटायचं काटा चुकतोय. दोनदा उघडून तपासला. काटा बरोबर होता. सगळी मंडळी प्रार्थना करत होती. तू पण करत होतीस, बाहेरच्या पायरीवर बसून, मी पाहिलंय. ऐकणारा कुठं होता, छटाक?"

हा प्रश्न लटका नव्हता, हे आईला सगळ्यांच्या आधी कळलं. कामाच्या निमित्तानं चुकवलेले सगळे रविवार तिच्या डोळ्यांपुढून सरकले. दुःख निवळायची वाट पाहत आपण सगळे बसलो, आणि या माणसानं केव्हाच दार लावून घेतलं होतं. एका घरात राहून आपल्याला पत्ता नाही! तिला स्वतःचीच लाज वाटली.

"पुरे आता," आत्या उठली. "हा काय प्रश्न झाला? पोरीला रडवायचंय का तुला?"

"ताई, बसा," आई म्हणाली. वीस वर्षांत तिनं नणंदेला कधी बस म्हटलं नव्हतं. "तिला बोलू द्या."

आत्या बसली, ती रागापेक्षा आश्चर्यानंच.

छटाकचे डोळे भरले होते, पण बोलली ती स्पष्ट. "आत्याच्या वहीत याचं उत्तर आहे. तीन मुद्दे आहेत. ते मी म्हणणार नाही."

"का? चुकीचे आहेत?"

"चुकीचे नसतील. पण काकूच्या पलंगाशी उभं राहून मला ते म्हणता आले नसते. मग इथं कसे म्हणू?" तिनं नाक पुसलं. "मला माहीत नाही, काका. ती का बरी झाली नाही, मला खरंच माहीत नाही."

"मी ज्याला मानते ना, त्यानं दुःख का येतं याचं कारण सांगितलेलं मला कुठं सापडलं नाही. तो स्वतः आला आणि सोसून गेला. क्रुसावर त्यानंही 'देवा, मला का सोडलंस' असं विचारलं. मोठ्यानं, सगळ्यांदेखत. त्यालाही तेव्हा उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं, तो उठला तेव्हा." ती क्षणभर थांबली. "काकूचा तिसरा दिवस अजून यायचाय, असं मी धरून चालते. ते मला सिद्ध करून दाखवता येत नाही. पण तेवढ्यासाठी मी उभी राहणार आहे."

गल्लीतून कुणीतरी सायकल हातात धरून गेलं, तिची साखळी करकरत होती.

"तुला पटलं?" शेवटी आबांनी काकाला विचारलं.

"नाही." काकानं बापाच्या डोळ्यांत पाहिलं. "आबा, मी खोटं बोलणार नाही. ती गेली त्या दिवसापासून मी मानत नाही. तुम्हाला सांगायचं धाडस होत नव्हतं."

आत्यानं तोंडावर हात ठेवला. मग ती एकदम सरसावून बसली. "मग ही तपासणीच बाद! मानत नाही त्याची मोहोर कशी चालेल? आबा, मी बसते स्टुलावर. पुन्हा घेऊ."

"तू तिला शिकवलंयस."

"मग काय करायचं? तो म्हणतोय पटलं नाही. पोरीचं वर्ष जाईल!"

आबा काठीवर भार देऊन उठले. त्यांना उठायला आता वेळ लागायचा आणि त्यांना हात दिलेला खपायचा नाही, म्हणून सगळे नुसते पाहत राहिले. फळीपाशी जाऊन त्यांनी आपली सत्तावन्न वर्षांपूर्वीची काळवंडलेली मोहोर बोटानं चाचपली.

"माझ्या बापानं तपासनिसाला 'तुला पटलं का' असं कधी विचारलं नाही. आपणच पुढं पास-नापास करून ठेवलं. त्यांनी माझ्या मामाला एकच विचारलं होतं." ते काकाकडे वळले. "ही पोरगी आज कुठं खोटं बोलली का?"

काकाला उत्तर शोधावं लागलं नाही. "नाही. एकदाही नाही."

"जे माहीत नाही ते माहीत आहे म्हणाली?"

"नाही."

"मग दाब मोहोर. आणि तू गं," ते आत्याला म्हणाले, "बाद कसली करतेस? आजवर आपण सगळे लुटुपुटूचे तपासनीस होतो. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच मान्य! या फळीवर आता बारा मोहोरा होतील, त्यांतली ही एक खऱ्या परीक्षेची. पणजोबा असते तर त्यांनी गल्लीत चहा वाटला असता."

आत्यानं पर्समधून लाल शाईची वही काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत आत ठेवली. "पोतं एकच आहे, हे मला सुचलं नव्हतं," ती पुटपुटली. आत्याच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कुणी ऐकली नव्हती.

काका स्टुलावरून उतरला. खणातून शिशाचा गोल तुकडा काढला, त्यातून तार ओवली, पकडीत धरला आणि दाबला. हात कसलेला असल्यामुळं एका दाबात ठसा उमटला. त्यानं ती मोहोर छटाकच्या तळहातावर ठेवली. ती त्याच्या हातानं कोमट झाली होती.

"कुणी काहीही विचारलं तरी आजच्यासारखंच बोल," तो म्हणाला. "माहीत नसेल तर नाही म्हण."

छटाकनं मान हलवली आणि मोहोर स्वतः फळीला लटकवली. बारावी. अकरावी तिच्या शेजारीच होती, एकोणीस वर्षांपूर्वीची, काकाची.

काकानं बाकावरची तारकात्री उचलली. काय करतोय हे कुणाला उमगायच्या आत त्यानं स्वतःच्या मोहोरेची तार कात्रीच्या दोन पात्यांत धरली होती.

"हे काय?" आबा म्हणाले.

"ती खोटं बोलली नाही, मग मी तरी इथं खोटा कशाला लटकू?"

त्याच्या मनगटावर हात पडला तो आईचा. कपांचा ट्रे तिनं कुठं ठेवला, ते तिलाही कळलं नाही.

"भावजी, ही मोहोर कुणी मारली?"

काकानं तिच्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांपूर्वी ती या घरात नवी नवरी होती. काकाला शिकवलं नव्हतं असं घरात तेव्हा दुसरं कुणीच उरलं नव्हतं, म्हणून आबांनी तिला स्टुलावर बसवलं होतं. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते आणि सतरा वर्षांचा दीर समोर बसून हसू दाबत होता.

"तुम्ही."

"आणि ज्याच्यावर मोहोर असते त्यानं ती स्वतः तोडायची असते का?"

"नाही. पण वहिनी..."

"त्या दिवशी तुम्ही माझ्याशी खोटं बोललात?"

"नाही."

"आज बोललात?"

काकानं नकारार्थी मान हलवली.

"मग माझी मोहोर बरोबर आहे," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण असा ताठ आवाज घरानं तिच्या तोंडून ऐकला नव्हता. "ती मी मारलीय. मी तोडत नाही."

कात्रीचं पातं काही वेळ तारेवर तसंच राहिलं. मग काकानं कात्री बाकावर ठेवली. मग उचलून तिच्या नेहमीच्या खिळ्याला अडकवली, कारण या वर्कशॉपमध्ये हत्यार जागेवर जायलाच हवं. आबांनी तोंड फिरवून चष्मा पुसला आणि धुळीला शिव्या दिल्या.

शटर जमिनीपासून हातभर वर असताना काका ओढायचा थांबला.

"रविवारी किती वाजता आहे?" त्यानं छटाकला विचारलं.

"नऊला." तिनं कुलूप त्याच्या हातात दिलं. "पण काका, तुम्ही मानत नाही, तर..."

"नाहीच मानत." त्यानं शटर खाली घेतलं आणि कुलूप दोनदा ओढून पाहिलं. "पण तुझ्यावरची मोहोर माझी आहे. काटा लोकांसमोर पहिल्यांदा लागतो तेव्हा मोहोर मारणाऱ्यानं हजर राहायचं असतं."